गालापागोसला जायचंय? मग पूर्वेकडून सुरुवात करा

गालापागोसचा बेत आखताना बहुतेक जण प्राण्यांची यादी घेऊन बसतात. महाकाय कासव, निळ्या पायांचा बूबी पक्षी, पेंग्विन, हॅमरहेड शार्क. मग कुठल्या बेटावर काय दिसतं त्याच्या खुणा नकाशावर करत जातात आणि शेवटी सहल म्हणजे नुसती धावाधाव होते. यादीला माझी हरकत नाही, पण मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मला आधी दगड दिसतो. इथे दगडापासून सुरुवात केली की प्राणी आपोआप जागच्या जागी बसतात. म्हणून खालचा सगळा बेत बेटांच्या वयाप्रमाणे आहे: जुनं बेट आधी, नवं शेवटी. म्हणजेच पूर्वेकडून पश्चिमेकडे.

कारण थोडक्यात सांगते. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण हजार किलोमीटरवर ही बेटं आहेत. त्यांच्याखाली पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा एक झोत वर येतो आणि तो जवळपास जागचा हलत नाही. त्याच्यावरून नाझ्का भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, पूर्वेकडे सरकत असतो, वर्षाला काही सेंटिमीटर. वर्गात मी हे जळत्या मेणबत्तीवरून जाड कागद हळूहळू सरकवून दाखवायचे. कागदावर करपलेल्या ठिपक्यांची रांग उमटते आणि ज्योतीच्या वर असतो तो ठिपका सगळ्यांत ताजा. झोतावर असेपर्यंत बेट वाढतं. पुढे सरकलं की धग कमी होते, पाऊस-वारा त्याला झिजवतात, तळ खचत जातो आणि शेवटी ते समुद्राखाली जातं. पूर्वेला अशी बुडालेली बेटं समुद्रतळावर आहेत.

तर पूर्वेची सान क्रिस्तोबाल आणि एस्पान्योला ही ३०-४० लाख वर्षांची म्हातारी बेटं, मधलं सांता क्रूझ मध्यमवयीन, आणि पश्चिमेची इसाबेला आणि फर्नांदिना अजून धुमसतायत. इसाबेलावरचा सिएरा नेग्रा ज्वालामुखी २०१८ मध्ये फुटला, वुल्फ २०२२ मध्ये, आणि फर्नांदिना मार्च २०२४ मध्ये. सह्याद्रीचा काळा कातळही असाच बेसाल्टचा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथे तोच दगड आपल्यापेक्षा वयाने लहान असलेला बघायला मिळतो. मला तरी हे कुठल्याही कासवापेक्षा कमी वाटत नाही, पण यावर घरात एकमत नाही.

तिकीट, पैसे आणि बॅगेतली फळं

गालापागोसला विमानं इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरच्या किटो आणि ग्वायाकील या शहरांहून जातात आणि मुख्यतः दोन ठिकाणी उतरतात: सान क्रिस्तोबाल आणि सांता क्रूझला लागून असलेलं छोटं बाल्त्रा. बहुतेक लोक येता-जाता दोन्ही वेळा बाल्त्राचं तिकीट काढतात. तुम्ही जाताना सान क्रिस्तोबालला उतरा आणि परत येताना बाल्त्राहून निघा. एवढ्या एका बदलाने एक बोटप्रवास वाचतो आणि बेटांचा क्रमही आपल्याला हवा तसा लागतो.

मुख्य भूमीवरच्या विमानतळावर चेक-इनच्या आधी दोन कामं असतात. एक म्हणजे २० डॉलरचं प्रवासी कार्ड घ्यायचं. ते परत जाताना लागतं, तेव्हा पासपोर्टमध्येच ठेवा. दुसरं म्हणजे बॅगांची जैवसुरक्षा तपासणी. फळं, बिया, रोपं, माती लागलेले बूट यातलं काहीही चालत नाही. हे कटकटीचं वाटेल, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी, बकऱ्यांनी, पेरूच्या आणि ब्लॅकबेरीच्या झाडांनी या बेटांचं जे नुकसान केलंय ते निस्तरायला दशकं लागली. उत्तर इसाबेला आणि सांतियागो बेटावरून १९९७ ते २००६ या काळात दीड लाखाहून जास्त बकऱ्या काढाव्या लागल्या. शेवटच्या लपलेल्या बकऱ्या सापडेनात, तेव्हा काही बकऱ्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून त्यांना मोकळं सोडलं. बकरी कळपाशिवाय राहत नाही, त्यामुळे ती आपल्या भाईबंदांपर्यंत शिकाऱ्यांना नेऊन पोचवायची. तेव्हा तुमच्या पिशवीतलं संत्रं काढून घेतलं तर वाद घालू नका.

उतरल्यावर राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क भरायचं. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकांना ते २०० डॉलर आहे आणि १२ वर्षांखालच्या मुलांना १००. हे रोख बाळगा. इक्वेडोरचं चलनच अमेरिकन डॉलर आहे, त्यामुळे बदलाबदलीचा प्रश्न नाही, पण नोटा लहान हव्यात. शंभराची नोट पुढे केली की छोट्या दुकानदाराचं तोंड वाकडं होतं. इसाबेलावर तर रोख पैसे आधीच जवळ असलेले बरे.

क्रूझ की मुक्काम

आमच्या यांना बोट लागते. बंदरावर नुसतं उभं राहिलं तरी चेहरा उतरतो. त्यामुळे आम्ही बेटांवरच मुक्काम केला आणि बोटीत बसलो ते गरजेपुरतं. पण हे कारण बाजूला ठेवलं तरी पहिल्या खेपेला मी मुक्कामच सुचवीन. क्रूझवर वेळ त्यांचा असतो: ठरलेल्या वेळी उतरायचं, ठरलेल्या वेळी परत. मुक्काम असला की पहाटे सहाला एकट्याने किनाऱ्यावर जाता येतं, आणि प्राणी बघायला पहाटेसारखी दुसरी वेळ नाही.

क्रूझची बाजूही सांगायला हवी. माणसं राहतात ती मोजकी बेटं सोडली, तर बाकीच्यांवर परवानाधारक गाइडशिवाय पाऊल ठेवता येत नाही, आणि फर्नांदिना किंवा उत्तरेचं जेनोवेसा बघायचं तर क्रूझच सोयीची. न उडणारा पाणकावळा फक्त फर्नांदिना आणि इसाबेलाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याच्यावर जीव जडला असेल तर बोटीला पर्याय नाही. अशा वेळी मोठं जहाज टाळा. नियमाने इथे १०० प्रवाशांहून मोठं जहाज चालत नाही, पण १६ जणांच्या छोट्या बोटीवर किनाऱ्यावर उतरायला रांग लावावी लागत नाही.

कधी जायचं

वाईट महिना असा नाही, पण दोन ऋतूंची दोन वेगळी बेटं असतात. जानेवारी ते मे हवा गरम, अधूनमधून सरी, डोंगर हिरवे, आणि समुद्र शांत व कोमट. याच काळात सागरी कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. जून ते डिसेंबर दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह थंड पाणी आणतो. उंचावर दिवसदिवस धुकं आणि भुरभुर असते, तिला तिथे गारुआ म्हणतात. समुद्र खवळलेला आणि पाणी इतकं गार की वेटसूटशिवाय पाच मिनिटं काढणं कठीण. पण थंड पाणी म्हणजे अन्न. तेव्हा मासे भरपूर, पक्ष्यांची वीण जोरात, पेंग्विन खुशीत.

बोट लागणाऱ्यांनी फेब्रुवारी ते मे निवडावा. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी बघायचा असेल तर तो एस्पान्योलावर एप्रिल ते डिसेंबरच असतो, म्हणून एप्रिल-मे हा दोन्ही बाजूंनी जमणारा काळ.

सान क्रिस्तोबाल: म्हातारं बेट

डार्विनही १८३५ च्या सप्टेंबरमध्ये आधी याच बेटावर उतरला होता. पुएर्तो बाकेरिसो मोरेनो ही गालापागोस प्रांताची राजधानी, पण गाव लहान आणि गावाचे खरे मालक समुद्रसिंह. बाकावर, पायऱ्यांवर, मासेमारीच्या होड्यांमध्ये तेच पसरलेले असतात. रात्री त्यांच्या ओरडण्याचा, भांडण्याचा आणि ओकारीसारख्या खाकरण्याचा आवाज चालू असतो, तेव्हा बंदराला लागून असलेली खोली घेण्याआधी विचार करा. वासाबद्दल तर बोलतच नाही.

पिल्लं पाण्यात तुमच्याभोवती गिरक्या घेतील, तोंडाजवळ येऊन बुडबुडे सोडतील. घेऊ द्या, हात पुढे करू नका. मोठा नर मात्र किनाऱ्याच्या कडेने ओरडत गस्त घालताना दिसला की त्या पाण्यात उतरायचंच नाही. तो आपला पट्टा राखत असतो आणि प्रसंगी चावतो.

पहिल्या दिवशी गावाबाहेरचं माहिती केंद्र बघा आणि तिथूनच सेरो तिहेरेतासच्या टेकडीवर चढा. वर फ्रिगेट पक्षी डोक्यावरून घिरट्या घालतात. पंख न हलवता ते कसे तरंगतात हे बघण्यात अर्धा तास सहज जातो. फ्रिगेट हा समुद्री पक्षी असून त्याची पिसं पाण्यापासून नीट वाचत नाहीत, म्हणून तो सहसा पाण्यावर बसत नाही. दुसऱ्याच्या चोचीतला मासा हिसकावणं त्याला सोयीचं पडतं. हेच पक्षी अंगावरचं मीठ धुवायला बेटाच्या माथ्यावरच्या एल हुन्को तळ्यावर जातात. उडता उडता पाण्याला पोट घासायचं आणि वर जाऊन अंग झटकायचं. तळं ज्वालामुखीच्या विवरात साठलेल्या पावसाच्या पाण्याचं आहे. टॅक्सीने जाता येतं, पण धुकं असेल तर समोरचा माणूसही दिसत नाही. सकाळी डोंगर मोकळा दिसला की लगेच निघा, दुपारवर ढकलू नका.

वाटेत रस्त्याकडेची माती बघून ठेवा. तांबडी, खोल, शेती होण्याजोगी. बेसाल्टची माती व्हायला किती काळ जातो त्याचा हा पुरावा, आणि इसाबेलाला पोचल्यावर तो आठवायचाय.

झुडपात राखी रंगाचा, लांब शेपटीचा एक धीट पक्षी दिसेल. तो सान क्रिस्तोबालचा मॉकिंगबर्ड, जगात दुसरीकडे कुठेही नाही. एस्पान्योलाचा वेगळा, फ्लोरियानाच्या लगतच्या छोट्या बेटांवरचा वेगळा, आणि बाकी बेटांवर चौथाच. फिंच पक्ष्यांचं नाव फार झालं, पण बेटागणिक फरक आहे हे डार्विनच्या नजरेत भरलं ते आधी या मॉकिंगबर्डमुळे. फिंच ओळखताना भल्याभल्यांची दमछाक होते. मॉकिंगबर्ड कुणालाही जमतो.

इथून दिवसभराच्या दोन सफरी महत्त्वाच्या. एक लेओन दोर्मिदो, म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला, मधोमध चिरलेला राखेच्या खडकाचा सुळका. त्या चिरेत स्नॉर्केल करताना, म्हणजे श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगताना, खाली शार्क आणि रे मासे जातात. पाणी खोल आहे. पोहण्याचा सराव नसेल तर बोटीतूनच बघा, त्यात कमीपणा नाही. दुसरी एस्पान्योला. लांबचा आणि हेलकाव्यांचा प्रवास, पण अल्बट्रॉसच्या मोसमात असाल तर सोडू नका. अडीच मीटरच्या आसपास पंखविस्तार असलेला हा पक्षी जमिनीवर इतका अवघडलेला चालतो की कड्यापर्यंत पोचून वाऱ्यावर स्वतःला सोडून देतो तेव्हाच त्याला मोकळं वाटत असावं.

लांचाचा प्रवास

बेटाबेटांत ये-जा करायला लांचा नावाच्या वेगवान बोटी असतात. तिकीट साधारण ३०-३५ डॉलर, वेळ दोन तासांच्या आसपास, फेऱ्या सकाळी आणि दुपारी. सान क्रिस्तोबालहून इसाबेलाला जायचं तर मध्ये सांता क्रूझला बोट बदलावी लागते. धक्क्यावर परत बॅग तपासणी, परत फळांची विचारणा.

बोट लागत असेल तर सकाळची फेरी घ्या, मागच्या बाजूला उघड्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा आणि गोळी निघण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्या, कुठली ते डॉक्टरांना विचारून. पुढच्या बाजूला बोट लाटेवर आपटते आणि पाठीचे मणके मोजून घेते. मागे बसलं की अंगावर पाणी उडतं, पण भिजलेलं परवडलं. फारच त्रास होत असेल तर बेटांमध्ये छोटी विमानंही आहेत. महाग आहेत, पण आमच्या यांनी एकदा ती किंमत विनातक्रार मोजली.

सांता क्रूझ: कासवाच्या बाजूला बसा

पुएर्तो आयोरा हे सगळ्यांत मोठं गाव. चार्ल्स डार्विन संशोधन केंद्र इथलंच, १९६४ पासूनचं. तिथे पिंता बेटाचं शेवटचं कासव, लोन्सम जॉर्ज, पेंढा भरून ठेवलंय. २०१२ च्या जूनमध्ये ते गेलं आणि त्या बेटाचा वंश संपला. काचेमागे मान उंच करून उभं असलेलं ते कासव बघताना त्याच्या पाठीचा आकार लक्षात ठेवा. पुढून खोगिरासारखा वर उचललेला आहे.

मग दुसऱ्या दिवशी डोंगरावर जा. एल चातोच्या आसपासच्या शेतजमिनींवर कासवं मोकळी फिरतात. तिथे थोडं शुल्क भरून आणि चिखलासाठी गमबूट घालून आत जाता येतं. इथल्या कासवांची पाठ घुमटासारखी गोल, सगळीकडून बंद. सांता क्रूझच्या डोंगरावर पाऊस आहे, गवत जमिनीवर आहे, मान वर करायची गरज नाही. कोरड्या, खुरट्या बेटांवर खायचं निवडुंग उंचावर, म्हणून तिथली पाठ पुढून उघडी. बेटाची उंची पाऊस ठरवते, पाऊस गवत ठरवतो आणि गवत कवचाचा आकार. आठवीच्या पोरांना हे एका तासात कळलं असतं, फक्त त्यांना इथे आणायची सोय नव्हती.

बरेच लोक कासवासमोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा. दोन मीटरचं अंतर सोडून, त्याच्या वाटेतून बाजूला होऊन खाली बसा. पहिल्यांदा ते फुस्स करून मान आत घेईल. तो राग नसतो. मान आत जाताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते, इतकंच. काही मिनिटांनी मान बाहेर येते, सुरकुतलेली, डोळ्यांच्या कडा ओल्या. मग ते खायला लागतं आणि तेव्हा आवाज ऐका: दात नसलेल्या जबड्याने गवताचा झुबका पकडून, सगळं डोकं मागे घेऊन, टर्रकन तोडण्याचा. एक घास, मग बराच वेळ काही नाही. मग कवच उचलून दोन पावलं, आणि कवचाचा काठ दगडाला घासल्याचा खरखराट. या घाईत नसलेल्या जनावराला जहाजांवरच्या लोकांनी जिवंत, उलटं करून तळघरात रचून ठेवलं होतं, कारण ते महिनोन्महिने अन्नपाण्यावाचून तग धरायचं आणि ताजं मांस हाताशी राहायचं. तिथे बसल्यावर त्या गोष्टीचा अर्थ जरा जास्तच कळतो.

गावात परत आलात की दुपारी मासळी कापण्याच्या ओट्याकडे जा. मासे कापणाऱ्या बाईच्या पायाशी समुद्रसिंह आणि खांद्याशी पेलिकन, दोघंही रांगेत असल्यासारखे उभे.

तोर्तुगा बे या किनाऱ्यावर जायला गावाच्या टोकापासून अडीच किलोमीटरची बांधीव पायवाट आहे. चौकीवर नाव नोंदवायचं आणि संध्याकाळी बंद होण्याआधी परत यायचं. पहिला लांबलचक पांढरा किनारा प्लाया ब्रावा. प्रवाह वाईट आहे, पोहायला बंदी. तो संपेपर्यंत चालत जा, टोकाला काळ्या दगडावर सागरी इग्वानांचा, म्हणजे समुद्रात पोहणाऱ्या मोठ्या सरड्यांचा, ढीग असतो, आणि पलीकडे तिवरांच्या आडोशाला शांत पाण्याचा प्लाया मान्सा. पाणी बरोबर न्या, वाटेत काही मिळत नाही.

इसाबेला: दगड अजून ओला

आता शेवटचं आणि माझं आवडतं बेट. गालापागोसमधलं सगळ्यांत मोठं. सहा ज्वालामुखी वेगवेगळे उठले आणि लाव्हाने जोडले जाऊन एकच बेट झालं. त्यांतल्या पाचांवर कासवांच्या पाच वेगळ्या जाती आहेत, कारण मधली उघडी लाव्हाची मैदानं कासवाला ओलांडता येत नाहीत. एकाच बेटावर असून ती एकमेकांना परकी. मघाशी म्हटलं ना, दगड आधी.

पुएर्तो विय्यामिलमध्ये रस्ते वाळूचे आहेत. इथून सिएरा नेग्राची पायपीट करायचीच, गाइड घेऊन. जाऊन-येऊन सुमारे १६ किलोमीटर, पाच-सहा तास. चढ फार अवघड नाही, पण ऊन आणि लांबी अंगावर येते. साठी ओलांडलेल्यांनी काठी घ्यावी. मी घेतली होती. सुरुवातीला धुकं, चिखल आणि पेरूची झुडपं. मग कॅल्डेराच्या, म्हणजे माथा खचून झालेल्या प्रचंड विवराच्या, काठावर येता आणि खाली जवळजवळ १० किलोमीटर रुंदीचा काळा तळ पसरलेला दिसतो. धुकं असेल तर निघून जायची घाई करू नका, वाऱ्याबरोबर दहा मिनिटांत पडदा सरकतो.

बरेच गट इथूनच परततात. तुम्ही पुढे बोल्कान चिको या छोट्या ज्वालामुखीपर्यंत जा. हिरवं एकदम संपतं आणि लाल, पिवळा, काळा, जांभळट असा नुसता दगड सुरू होतो. त्यातला बराचसा १९७९ च्या उद्रेकातला. आमच्या गाइडने एका भेगेपाशी थांबवून तिच्यावर हात धरायला सांगितलं. आतून उबदार, दमट हवा येत होती, आणि त्याच भेगेच्या तोंडाशी, जिथे वाफेचा ओलावा मिळतो तेवढ्याच जागी, बोटभर नेचा उगवला होता. आजूबाजूला नजर जाईल तिथवर एक पान नाही. सान क्रिस्तोबालच्या तांबड्या मातीची सुरुवात ही अशी होते. माती व्हायला अजून लाखो वर्षं आहेत, पण नेचा आलेला आहे.

इथला लाव्हा दोन तऱ्हांचा दिसतो. वळ्या पडलेला, दोरखंडासारखा पिळलेला तो पाहोएहोए. त्याच्यावर चालता येतं. आणि धारदार ढेकळांचा तो आआ. त्याच्यावर पडलात तर गुडघा आणि पँट दोन्ही जातील. जाड तळाचे बूट हवेत ते यासाठी. सँडल घालून आलेल्यांची फजिती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

गावालगत कोन्चा दे पेर्ला नावाचा समुद्राचा आडोसा आहे, तिवरांतून लाकडी पुलावरून जायचं. शुल्क नाही, गाइड लागत नाही, स्नॉर्केल करायला गावातली ही सगळ्यांत चांगली जागा. भरतीच्या वेळी जा, ओहोटीला पाणी उथळ होतं. नशिबात असेल तर पेंग्विन शेजारून जातो. पेंग्विन विषुववृत्तावर टिकून आहे तो पश्चिमेकडून खोलातून वर येणाऱ्या थंड पाण्याच्या जिवावर, म्हणून त्याची मुख्य वस्ती याच बाजूला.

त्या लाकडी पुलावरच सागरी इग्वाना आडवे पडलेले असतात. ओलांडून जाऊ नका, थांबा किंवा कडेने जा. आणि थांबलातच तर एकाकडे नीट बघा. अंग काळं, दगडाच्याच रंगाचं, कारण थंड पाण्यातून आल्यावर ऊन लवकर शोषून घ्यायचं असतं. डोक्यावर बोथट खवले, नाक आखूड आणि चपटं, दगडावरचं शेवाळ खरवडायला सोयीचं. शेवाळाबरोबर पोटात जाणारं जास्तीचं मीठ नाकाजवळच्या ग्रंथी वेगळं काढतात. मग तो शिंकतो. दोन्ही नाकपुड्यांतून खारी फवारणी, हातभर लांब, आणि त्यातली निम्मी त्याच्याच डोक्यावर पडून वाळते. पांढऱ्या टोपीसारखं दिसतं ते हे मीठ. एक शिंकला की शेजारचा शिंकतो. कॅमेरा जवळ नेलात तर भिंगावर मीठ येईल, गोड्या पाण्याने लगेच पुसा. एल निन्योच्या वर्षांत पाणी तापून हे शेवाळ मरतं आणि इग्वाना उपाशी पडतात; तेव्हा मोठ्या इग्वानांची लांबीसुद्धा कमी होते आणि अन्न परतलं की पुन्हा वाढते. हाडं आखडणारा प्राणी शिंकताना बघायला मिळतोय, तर पाच मिनिटं द्या त्याला.

बोटीची तयारी असेल तर लोस तुनेलेसची सफर घ्या. समुद्रात गेलेल्या लाव्हाच्या नळ्यांची छपरं कोसळून कमानी उरल्यात. त्या कमानींवर निळ्या पायांचे बूबी घरटं करतात. घरटं म्हणजे उघडा दगड आणि त्याभोवती शिटेचं पांढरं कडं. पायांचा निळा रंग माशांतून मिळणाऱ्या द्रव्यांवर अवलंबून असतो, उपास पडला की काही दिवसांत फिका पडतो. म्हणून नर मादीसमोर एकेक पाय उचलून दाखवत नाचतो, तो खरं तर जेवणाचा हिशेब दाखवत असतो.

चार गोष्टी बॅगेत, चार डोक्यात

उन्हाचं सांगून कुणी ऐकत नाही, तरी सांगते: विषुववृत्त आहे, ढगाळ दिवशीही भाजतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि टोपी क्रीमपेक्षा भरवशाची. नळाचं पाणी पिऊ नका; मुक्कामी गाळलेल्या पाण्याचा मोठा जार असतो, त्यातून बाटली भरा. स्वतःचा स्नॉर्केल मास्क नेलात तर उत्तम, भाड्याचे गळतात.

नियमांत दोन मीटरचं अंतर हा मुख्य. प्राणी स्वतः जवळ आला तर आपण मागे सरायचं. फ्लॅश नाही, ड्रोन नाही, खायला घालणं नाही, खुणांच्या बाहेर पाऊल नाही. दगड, शंख, वाळू काही उचलायचं नाही. विमानतळावर बॅगा तपासतात. मी दगडवेडी असूनही रिकाम्या हाताने आले, तेव्हा तुम्हालाही जमेल.

परतीचा एक उपयोगी मुद्दा. इसाबेलाहून लांचाने सांता क्रूझला यायचं आणि तिथून बाल्त्रा विमानतळ गाठायचा, तर पुएर्तो आयोरापासून बेट आडवं ओलांडून इताबाका खाडीपर्यंत जावं लागतं, मग एक डॉलरची छोटी फेरीबोट आणि पलीकडे पाच डॉलरची बस. खाडीपर्यंतची बस स्वस्त असली तरी त्या दिवशी टॅक्सी करा आणि वाटेत लोस हेमेलोसला थांबायचं आधीच ठरवून घ्या. रस्त्याच्या दोन बाजूंना जमीन खचून झालेले दोन मोठे खड्डे आहेत आणि भोवती स्कालेसियाचं जंगल. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती इथे झाड होऊन वाढली आहे. लाल छातीचा छोटा फ्लायकॅचर पक्षी तिथे कधीकधी दिसतो, पण सकाळी लवकर. त्यासाठी विमान दुपारचं घ्या, आणि गालापागोसचं घड्याळ मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे असतं हे तिकिटावरची वेळ वाचताना लक्षात असू द्या.